पाचांतला एक

भूमि अभिलेख खात्यात चौतीस वर्षे काढून, आणि त्यांतली अखेरची नऊ शिरस्तेदाराच्या खुर्चीवर झिजवून मी निवृत्त झालो, तेव्हा यापुढे नकाशा, मोजणी, हद्द किंवा पंचनामा यांपैकी कोणतीही बाब आपल्यापुढे निर्णयार्थ येणार नाही, आणि आलीच तर तिच्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारण्यास आपण बांधलेले नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती २००९ च्या दिवाळीपर्यंत टिकली. त्या दिवाळीत आमच्या कोथरूडच्या बिऱ्हाडात एकाच आठवड्यात दोन वस्तू दाखल झाल्या: एक, चिरंजिवांनी साठ हजार रुपये मोजून आणलेला, ‘फुल एचडी’ अशी अक्षरे कपाळावर गोंदवून आलेला चाळीस इंची दूरचित्रवाणी संच, आणि दुसरी, ‘एवढा मोठा टीव्ही घेतला आणि त्यावर काय नुसत्या बातम्या बघायच्या?’ या बिनतोड युक्तिवादाच्या जोरावर नातवाने पदरात पाडून घेतलेले खेळयंत्र, ज्याला तो ‘कन्सोल’ म्हणतो आणि आमच्या सौभाग्यवती ‘ती काळी पेटी’ म्हणतात.

ही पेटी ज्या फळीवर विराजमान झाली तेथे पूर्वी आमचा जुना डीव्हीडी प्लेअर नांदत असे. त्याचा अंत नुकताच झाला होता. तो तबकडी आत घेण्यास अखेरपर्यंत तत्पर होता. परत देण्याविषयी मात्र त्याचे धोरण उत्तरोत्तर गावच्या सावकारासारखे होत गेले, आणि ‘नटसम्राट’ची तबकडी पोटात ठेवूनच त्याने प्राण सोडला. घरात दोनशेच्या वर डीव्हीडी आणि त्या लावण्यास साधन नाही, अशी आणीबाणीची परिस्थिती उद्भवली असता, काळ्या पेटीच्या दर्शनी भागावर एक अरुंद फट आहे, फट आहे म्हणजे तिच्यात काहीतरी जात असणार, आणि बारा सेंटिमीटरच्या तबकडीशिवाय दुसरे काय जाणार, असा शोध घरात प्रथम ज्या व्यक्तीने लावला तिने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. तिने दुपारी, सगळे निजले असता, ‘संत तुकाराम’ त्या फटीत सरकवून दिला, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी, ‘लागतं हो त्यात,’ एवढेच सांगितले.

वास्तविक या शोधात नवीन काही नव्हते. डीव्हीडी ही वस्तू १९९६ च्या नोव्हेंबरात जपानच्या बाजारात प्रथम अवतरली, आणि तिच्या मागोमाग काही वर्षांतच, ४ मार्च २००० रोजी, त्याच देशात ३९,८०० येन किमतीचे प्लेस्टेशन २ विक्रीस आले, तेव्हा ते खेळासाठी घ्यावे की चित्रपटासाठी, असा प्रश्न तेथल्या गृहस्थाश्रमींना पडण्याचे कारणच उरले नाही. मुलाने ते खेळासाठी मागावे आणि बापाने आपण ते चित्रपटांसाठी घेत आहोत असे स्वतःच्या मनाला पटवावे, अशी उभयपक्षी सोयीची तडजोड झाली, आणि जगभर अशा पंधरा कोटींहून अधिक तडजोडी पुढे झाल्या. अपवाद करणारेही निघाले. २००६ साली आलेले निन्टेन्डोचे वी नामक यंत्र तबकडी त्याच बारा सेंटिमीटरची घेई. परंतु चित्रपट दाखविणे हे आपल्या कुळाचाराविरुद्ध समजून त्या बाबतीत व्रतस्थ राहिले. आमचे यंत्र कोणत्या कुळातले, हे मी सांगणार नाही. पुढे त्याच्याविषयी काही बरेवाईट बोलायचे आहे, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने कोणाच्या वाटेस जाऊ नये हे बरे.

आमच्या दोनशे तबकड्यांचा इतिहासही येथे नोंदविला पाहिजे, कारण त्या काही ऐश्वर्याच्या निदर्शक नव्हत्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांस आणि डीव्हीडी चौतीस रुपयांस विकण्याचा सपाटा लावला, तेव्हा एका मिसळीच्या पैशात अडीच तासांचे दुःख, सात गाणी आणि शेवटी मिलन घरी नेता येते हे पाहून पुण्यातील अनेक काटकसरी कुटुंबांनी, चित्रपट आवडो वा न आवडो, संचय सुरू केला. नव्या युगाची ब्लू-रे तबकडी शेकड्यांच्या हिशेबात होती. तिच्यासाठी मोठ्या कंपन्यांत युद्ध पेटले; २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने आपली एचडी डीव्हीडी रणांगणातून मागे घेतली; तांबड्या किरणाच्या जागी जांभळा किरण आला, ६५० नॅनोमीटरचे ४०५ झाले. या सर्व घडामोडींचा आमच्या कपाटावर काडीचाही परिणाम झाला नाही. तेथे चौतीस रुपये दराचा माल पूर्ववत नांदत राहिला, आणि साठ हजारांच्या पडद्यावर हाच माल लावायचा, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

पहिले सहा आठवडे आम्ही अत्यंत सुखात होतो. ‘काय स्पष्ट दिसतं हो!’ हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी घरात उच्चारले जाई. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त बँक-अधिकारी, जे मला अद्यापही ‘शिरस्तेदार’ अशीच हाक मारतात, ते मुद्दाम येऊन बसले आणि नटाच्या कपाळावरील घामाचा थेंब बोटाने दाखवून म्हणाले, ‘हीच ती एचडी. मी सिंगापूरला पाहिली होती, ती हीच.’ सौभाग्यवतींना नायिकेच्या पैठणीच्या काठातला मोर न् मोर मोजता येऊ लागला. मला स्वतःला खलनायकाच्या मिशीखाली डिंक दिसला, आणि तो पाहून, शपथेवर सांगतो, ज्ञानप्राप्तीचा आनंद झाला.

डिसेंबरात न्यू जर्सीहून माझा पुतण्या आला. त्याने संचासमोर न बसता आधी संचाच्या मागे डोके घातले, आणि तेथून जे हास्य बाहेर पडले ते मी अजून विसरलेलो नाही. ‘काका, ही पिवळी वायर कुणी लावली?’

पिवळी तार आम्हीच लावली होती. ती खोक्यात होती म्हणून लावली; पिवळी, तांबडी आणि पांढरी अशी तीन डोकी तिला होती, संचाला त्याच रंगांची तीन भोके होती, आणि ज्या घरात रंगाला रंग जुळतो तेथे शंका घेणे हा कृतघ्नपणा होय. पुतण्याने खुलासा केला तो असा, की त्या पिवळ्या तारेतून उजेड, रंग आणि रेषा हे सारे एकाच बोळातून वऱ्हाडासारखे दाटीवाटीने येते, आणि जे येते ते आमच्या गेल्या पिढीतल्या संचाच्या योग्यतेचेच असते. एचडीचे चित्र त्या तारेतून येणे सर्वथा अशक्य आहे. म्हणजे सहा आठवडे आम्ही जो घाम पाहिला, जे मोर मोजले, तो सर्व आमच्याच अंतःकरणाचा आविष्कार होता. बँक-अधिकाऱ्यांना हे कळविले असता त्यांनी, ‘मग सिंगापूरला काय होतं?’ असा प्रतिप्रश्न केला, आणि त्यानंतर तीन दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

योग्य ती तार आणण्यास मी स्वतः गेलो. दुकानदाराने प्रथम जी दाखविली तिची किंमत दोन हजार होती, कारण टोकांना सोन्याचा मुलामा होता. ‘सोनं, आणि टीव्हीच्या पाठीला?’ असे उद्गार सौभाग्यवतींनी काढल्यावर त्याच दुकानातून अडीचशेचीही निघाली. ती लावली, आणि मग ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहावयास बसलो ते प्रकरण उघडकीस आले.

चित्र सुधारले होते, यात वाद नाही. परंतु पिवळ्या तारेच्या अनुभवाने माझी श्रद्धा डळमळली होती, आणि या खेपेस शहानिशा केल्याविना ‘स्पष्ट दिसते’ असा दाखला देण्यास मी तयार नव्हतो. मी नातवाला समोर बसविले आणि त्याचा जबाब घेतला.

‘तबकडी जुनी, पडदा नवा. तबकडीत जे नाही ते पडद्यावर आले कोठून?’

‘आजोबा, ते अपस्केल करतं.’

‘म्हणजे काय करतं?’

‘म्हणजे... अंदाजाने भरतं.’

हा शब्द ऐकताच माझ्या अंगावर, निवृत्तीनंतर प्रथमच, शहारा आला. मी कागद-पेन्सिल मागविली. डीव्हीडीवरील चित्र, आपल्याकडे चालणाऱ्या पद्धतीत, आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, गुणाकार ४,१४,७२०. आमच्या पडद्याचे ठिपके आडवे १९२०, उभे १०८०, गुणाकार २०,७३,६००. दुसऱ्याला पहिल्याने भागले, आणि भाग निःशेष गेला. उत्तर पाच. चौतीस वर्षांच्या सेवेत कोणतेही क्षेत्रफळ कोणत्याही संख्येने निःशेष भागले गेल्याचे माझ्या स्मरणात नाही. प्रत्येक वेळी कोठेतरी दोन गुंठे उरत, आणि त्या दोन गुंठ्यांवरून दोन पिढ्या कोर्टात जात. येथे काही उरले नाही, हीच गोष्ट मला प्रथमदर्शनी संशयास्पद वाटली.

तात्पर्य काय, तर पडद्यावरील दर पाच ठिपक्यांपैकी एकाच ठिपक्याचा सातबारा तबकडीत आहे. उरलेले चार खातेदार बिनदस्तऐवजी आहेत. ते कोठून येतात? यंत्र शेजाऱ्यांना विचारते. पूर्वेचा ठिपका काळा म्हणतो, पश्चिमेचा पांढरा म्हणतो, तर मधला राखाडी असला पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्याची नोंद करते, आणि ही चौकशी एका चित्रात साडेसोळा लाख बेवारस ठिपक्यांपुरती, सेकंदाला पंचवीस वेळा, कोणासही प्रवासभत्ता न देता पूर्ण करते. आता मी विचारतो, हे दुसरे काय आहे? हद्दीचा दगड सापडत नाही, मूळ नकाशाचा तेवढा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, आणि वरून निकालाचा तगादा आहे, अशा वेळी आमचा भूकरमापक बांधावर उभा राहून लगतच्या खातेदारांना हेच विचारीत असे. ‘साहेब, तिथं बाभळ होती,’ असे एक म्हणे. ‘बाभळ नव्हं, बोर,’ असे दुसरा म्हणे. आणि पंचनाम्यात ‘एक काटेरी झाड’ अशी नोंद होऊन हद्द कायम होई. तीस वर्षांनी तो पंचनामा इतका अस्सल दिसे, की त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला लोक वेड्यात काढीत. पाचांमुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. पण त्या पाचांतला एकच बोलतो आणि चौघे माना डोलावतात, हे प्रत्येक पंचनामा करणारा मनात ओळखून असतो.

नातवाने यात आणखी भर घातली. नव्या जाळीची घरे जुन्या जाळीवर तंतोतंत बसत नाहीत, सबब तो जो एक खरा ठिपका, तोही आपल्या मूळ जागी राहत नाही. त्यालाही थोडे सरकावून, थोडे घोळून घ्यावे लागते. म्हणजे फेरफार पाचांचाही. आणि रंगाची गोष्ट विचारूच नये. डीव्हीडीत उजेडाचा हिशेब प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र ठेवलेला असला, तरी रंग मात्र चार ठिपक्यांच्या एकत्र कुटुंबाला मिळून एकच दिलेला असतो. तेव्हा आमच्या पडद्यावर विसांतल्या एकाच ठिपक्याला स्वतःचा म्हणून रंग आहे, आणि बाकीचे एकोणीस उसनवारीवर दिवस काढतात. पैठणीच्या मोरांविषयी मी घरात काही बोललो नाही. काही दस्त उघड न करण्यातच सार्वजनिक शांतता असते.

यंत्राला ही विद्या जन्मतः येते, असाही समज नको. प्लेस्टेशन ३ हे त्या काळी एवढे गाजलेले यंत्र, ब्लू-रे दाखविण्याची ऐट घेऊन २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आले; पण जुन्या डीव्हीडीचे चित्र मोठ्या पडद्याच्या मापाचे करून देण्याचे कसब त्याच्या अंगी मे २००७ मधल्या सुधारणेनंतर आले. यंत्र तेच, घर तेच, एके रात्री तारेवाटे काही हुकूम आले आणि सकाळी ते शहाणे होऊन उठले. आमच्या खात्यात कारकुनाला वरची श्रेणी मिळण्यापूर्वी खातेनिहाय परीक्षा द्यावी लागे, ती अशीच. फरक इतकाच की परीक्षेनंतर कारकुनाचे काम सुधारल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.

येथवर सारे तत्त्वज्ञान झाले. व्यवहारात खरा कलह पेटला तो ‘संत तुकाराम’वरून.

प्रभातचा हा १९३६ चा बोलपट, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेलेला, आमच्या घरी आषाढी-कार्तिकीला आणि एरवीही कोणी आजारी पडले की लावला जातो. त्या काळचे चित्र जवळजवळ चौरस, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. आमचा पडदा रुंदीला सोळा आणि उंचीला नऊ. चित्र मूळ मापात दाखवायचे तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात, आणि पट्ट्या नकोत तर चित्र आडवे ताणावे लागते, ते एक तृतीयांशाने. मी एक दिवस बाजारातून परत येतो तो पडद्यावर एक गुबगुबीत, सुखवस्तू गृहस्थ हातात वीणा घेऊन वैराग्याचा अभंग म्हणत होता. विष्णुपंत पागनीस यांची ती कृश, शांत, दुष्काळात पोळलेली मूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी कल्पना करावी: तुकोबा सावकार दिसत होते, आणि ज्यांच्या कर्जखतांच्या वह्या इंद्रायणीत बुडाव्यात असे लोकांना वाटावे, असे दिसत होते. तुकोबांच्या वैऱ्याविषयी, सालोमालोविषयी, तर बोलायलाच नको. इंद्रायणीचे पात्र रुंदावले होते, त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आणि जिजाईची म्हैस, प्रांजळपणे सांगतो, खरोखरच सुधारली होती.

मी चित्र मूळ मापावर आणले. सौभाग्यवती पदराला हात पुशीत बाहेर आल्या.

‘हे काय? दोन्हीकडे काळं का केलंत?’

‘चित्र तेवढेच आहे.’

‘पण टीव्ही एवढा आहे ना? साठ हजार तुम्ही सगळ्या टीव्हीचे दिलेत की मधल्या तुकड्याचे?’

हा आक्षेप निरुत्तर करणारा होता, कारण आकडे तिच्या बाजूला होते. चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर नेमका पाऊण भाग व्यापते. राहिलेला पाव भाग, आमच्या बाबतीत पंधरा हजार रुपये किमतीचा, पडून राहतो. आमच्या खात्यात याला पोटखराबा म्हणतात: जमीन खातेदाराच्या नावावर असते, पण तिच्यात काही पिकत नाही. मी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, की पट्ट्या ठेवल्या तर पाचांतला एक नव्हे, पावणेचारांतला एक ठिपका खरा पडतो, म्हणजे सत्याचे प्रमाण वाढते. परंतु पोटखराबा ठेवला की जमिनीचा खरेपणा वाढतो, हे कोणत्याही मालकिणीला पटवून देणे मला नोकरीत जमले नव्हते, ते घरात कोठून जमणार? शेवटी, मी घरात असेन तेव्हा पट्ट्या आणि नसेन तेव्हा ताण, असा अलिखित करार झाला.

याच सुमारास कोणी तरी, बहुधा नातवाने, संचातील ‘शार्पनेस’ नामक गोष्ट शंभरावर नेऊन ठेवली. तिच्यामुळे प्रत्येक आकृतीच्या कडेला एक पांढरी, तेजस्वी किनार उमटू लागली. तुकोबांच्या मस्तकाभोवती वलय आले, ते योग्यच झाले असे घरातील भाविक मंडळींचे मत पडले. परंतु तेच वलय सालोमालोच्याही डोक्यामागे होते, आणि यंत्र पुण्यपापाचा भेद जाणत नाही या कारणास्तव मी शार्पनेस शून्यावर आणला.

रुसव्याच्या त्या तीन दिवसांनंतर बँक-अधिकारी आले ते वाजवायची पेटी घेऊन आले. एचडीच्या बाबतीत झालेला अपमान संगीताने भरून काढावा, असा त्यांचा मानस असावा. तुकोबांच्या अभंगाला साथ करण्यासाठी त्यांनी पांढरी एक धरली, जुळेना. शेजारची काळी धरली. ती पुढे गेली. पुन्हा पांढरी. ‘शिरस्तेदार, पागनीस कधी बेसूर गाणार नाहीत. पेटी नुकतीच दुरुस्त केली आहे. मग चूक कोणाची?’ त्यांचा आवाज कापत होता. येथेही नातूच साक्षीदार म्हणून उपयोगी पडला. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने घेतलेला. आपल्याकडील पाल पद्धतीची दूरचित्रवाणी पंचवीस चित्रांची. तेव्हा अशी तबकडी बनविताना सर्वांत सोपा उपाय म्हणजे चोवीस चित्रे पंचवीसच्या चालीने पळवून सोडणे, आणि आमची तबकडी त्या उपायाने झालेली होती. चार टक्के घाई. आवाज त्याबरोबर वर चढतो, पण पेटीच्या एका पट्टीइतका पुरता नव्हे. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत, जेथे पेटीवाल्याला पाय ठेवायला जागा नाही, तेथे जाऊन बसतो. बँक-अधिकाऱ्यांनी हे ऐकून भाता मिटला. ‘म्हणजे चित्रपट लवकर संपत असेल?’ मी हिशेब केला: सव्वादोन तासांना थोडा कमी असा हा बोलपट, सुमारे पाच मिनिटे आधी संपतो. ‘तुकोबा वैकुंठाला पाच मिनिटं आधी पोचतात,’ ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. पेन्शनरांच्या गाडीला नेहमी उशीर होतो, असेही ते पुढे म्हणाले. पण तो निराळा विषय आहे.

पुतण्याने येताना अमेरिकेतून एका इंग्रजी चित्रपटाची डीव्हीडी भेट आणली होती, तिचाही निकाल येथेच लावतो. ती यंत्राने आत घेतली, क्षणभर चाचपली, आणि विभाग जुळत नसल्याचा शेरा मारून परत केली. डीव्हीडीच्या जगाची महसुली विभागणी झालेली आहे, हे मला तेव्हा कळले: अमेरिका पहिल्या विभागात; युरोप आणि जपान हजारो मैलांवरून दुसऱ्यात एकत्र; आणि आपण पाचव्यात, रशिया व आफ्रिकेच्या बऱ्याचशा मुलखाच्या शेजाराला. हद्दीबाहेरचा दस्त दाखल करून घेऊ नये, हा नियम माझ्या हयातीत मी इतक्या निष्ठेने कोणी पाळलेला पाहिला नाही. तबकडी आता पावट्याच्या वेलावर पाखरे हुसकण्यासाठी टांगली आहे, आणि ते काम ती विभागाचा प्रश्न उपस्थित न करता करते.

यंत्राच्या इतर वर्तणुकीबद्दल फारसे लिहीत नाही. चित्रपट लावावा तर त्याला त्याच क्षणी स्वतःला अद्ययावत करून घेण्याची निकड भासे. कीर्तन रंगात आले की त्याच्या पोटातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू होई. रिमोट नव्हता, दोन्ही हातांनी धरून दोन्ही अंगठ्यांनी चालवायचे ते खेळाचे हत्यारच रिमोट म्हणून वापरावे लागे, आणि एकदा दिवाणावर पडलेल्या त्या हत्यारावर मी बसलो असता तुकोबांचा सबंध संसार बत्तीसपट वेगाने माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला.

मात्र पाचांतल्या त्या चौघांनी माझी झोप उडवली होती. ते खोटे आहेत हे कळूनही ते दिसतात कसे, हे कळत नव्हते. मी पडद्याशी नाक लावून त्यांना हुडकले. दिवाणावर येऊन बसलो की ते नाहीसे होत. तेव्हा पुढच्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीच्या संध्याकाळी मी जुनी मोजणीची टेप काढली. थिओडोलाइटशी ज्याचा जन्म गेला त्याला अंशाचा साठावा भाग, म्हणजे कला, ही काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. निरोगी डोळा साधारण एका कलेहून बारीक वस्तू वेगळी ओळखू शकत नाही. आमच्या पडद्याचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. हिशेबाने सव्वापाच फुटांपलीकडे दोन शेजारी ठिपके एक होतात. तबकडीचा मूळ ठिपका, तुकोबांच्या मूळ मापात, पडद्यावर उंचीला पाऊण मिलिमीटरहून थोडा मोठा आणि रुंदीला त्याहून किंचित जास्त. तो सुमारे साडेदहा फुटांपलीकडे विरतो. मी टेपचे एक टोक दिवाणाच्या लाकडाला लावले आणि दुसरे घेऊन पडद्यापर्यंत चालत गेलो. अकरा फूट दोन इंच. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसतात, तेथून चौदा फूट.

म्हणजे आमच्या घरात ज्याला ज्याला जेथे जेथे बसण्याची वहिवाट आहे, तेथून तो एक खरा ठिपकाच पुरेसा होता. ते चार, साडेसोळा लाखांच्या संख्येने, सेकंदाला पंचवीस वेळा, एवढी चौकशी, एवढे जबाब, एवढा पंख्याचा आक्रोश करून जे रुजू होत होते, ते कोणासाठीच रुजू होत नव्हते. त्यांना पाहण्यासाठी सव्वापाच फुटांवर खुर्ची टाकावी लागली असती, आणि तेथे आमच्या घरात येण्याजाण्याची वाट आहे. मी हा निष्कर्ष जाहीर करण्यासाठी टेप हातात धरूनच वळलो, आणि घसा साफ करून ‘मंडळी’ असे म्हटले.

‘अहो,’ उंबऱ्यातून आवाज आला, ‘टेप घेऊन पडद्यापुढे काय उभे राहिलात? सरका. विमान येतंय.’

मी सरकलो. विमान पाच मिनिटे आधीच आले होते, आणि गरुडाचे पंख पडद्याच्या दोन्ही हद्दींना जाऊन भिडले होते. मी टेप शोधत होतो तेवढ्यात कोणीतरी सबंध पोटखराबा लागवडीखाली आणला होता.